हरहुन्नरी सेशन बासवादक कसे व्हावे

सेशन वादक हा कोणत्याही एका बँडचा कायमचा सभासद नसतो. गाण्याचे ध्वनिमुद्रण, गायकाचा दौरा, नाट्यगृहातील वाद्यवृंद, जाहिरात किंवा पार्श्वसंगीत अशा कामांसाठी त्याला तेवढ्यापुरते बोलावले जाते, आणि जे संगीत त्याने आधी कधी ऐकलेलेही नसते ते त्याला थोड्याच वेळात आपले करून वाजवावे लागते. बास गिटार वाजवणाऱ्यावर ही जबाबदारी अधिक असते, कारण हे वाद्य एकाच वेळी ताल आणि स्वर या दोन्ही बाजूंना बांधलेले आहे. ड्रमवादक चुकला तर ठेका हलतो, पियानोवादक चुकला तर कॉर्ड बिघडते, पण बासवादक चुकला तर दोन्हींचा आधार एकदम सुटतो.

हरहुन्नरीपणा म्हणजे अनेक शैलींतील करामती हाताशी असणे, असा समज होतकरू वादकांमध्ये सर्रास आढळतो. माझे मत वेगळे आहे. ज्या बासवादकांना संगीतकारांनी वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा बोलावले, त्यांचे काम लक्षपूर्वक ऐकले तर तीन गोष्टींवरची त्यांची हुकमत सतत जाणवते: स्वर नेमका कोणत्या क्षणी सुरू करायचा, तो किती वेळ धरायचा आणि त्याचा पोत कसा ठेवायचा. शैली बदलते तेव्हा मुख्यतः या तीन गोष्टींचे प्रमाण बदलते. म्हणून ज्याला या व्यवसायात उभे राहायचे आहे त्याने नवनवीन तुकडे गोळा करण्याआधी या तीन गोष्टींपाशी दीर्घकाळ थांबावे.

लय आणि स्वराची लांबी

मेट्रोनोमच्या (ठरलेल्या वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राच्या) प्रत्येक ठोक्याबरोबर वाजवणे ही केवळ पहिली पायरी आहे, कारण तेथे लय यंत्र सांभाळत असते आणि वादक फक्त तिच्या मागे चालत असतो. पुढच्या पायरीवर मेट्रोनोमचा वेग निम्मा करावा आणि त्याचा ठोका चार मात्रांच्या बारमधील (मात्रांच्या गटातील) दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतो आहे असे मानून वाजवावे. पहिली आणि तिसरी मात्रा आता वादकाला स्वतःच्या अंगातून काढावी लागते. हे स्थिर झाले की बारमध्ये एकच ठोका ठेवावा, आणि नंतर दोन बारमध्ये एक. वेग मुद्दाम संथ ठेवावा, कारण मिनिटाला पन्नास ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमधली मोकळी जागा इतकी मोठी असते की आपली घाई किंवा रेंगाळणे तेथे लपून राहत नाही. संथ प्रेमगीत नीट वाजवणे वेगवान फंकपेक्षा अवघड का असते, हे या सरावात आपोआप कळते.

मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. त्या तुलनेत वीस-तीस मिलिसेकंद किरकोळ वाटतील, पण किक ड्रमच्या (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमच्या) तेवढेच पुढे किंवा मागे राहिल्याने गाण्याचा स्वभाव पालटतो: किंचित पुढे वाजवले की गाण्यात उतावळेपणा येतो, किंचित मागे वाजवले की ते सैलावते. पिनो पॅलाडिनो हे या बाबतीतले उत्तम उदाहरण आहे. वेल्समधील कार्डिफ येथे जन्मलेल्या या वादकाने १९८०च्या दशकात फ्रेटलेस (पडदे नसलेल्या) बासच्या गाणाऱ्या सुरांनी नाव मिळवले. त्यानंतर डीअँजेलो या गायकाबरोबर त्याने ठोक्याच्या बऱ्याच मागे रेलून वाजवलेला, जाड आणि मोजका बास ऐकवला. आणि २००२ साली जॉन एंटविसल यांच्या निधनानंतर ‘द हू’ या रॉक बँडच्या दौऱ्यात ऐनवेळी त्यांची जागा घेतली. वादक एकच, पण ठोक्याशी असलेले त्याचे नाते तीन ठिकाणी तीन प्रकारचे आहे, आणि प्रत्येक ठिकाणी ते त्याने जाणीवपूर्वक निवडलेले आहे. सरावात हेच करावे: एकच साधी ओळ नेमकी ठोक्यावर, मग किंचित पुढे आणि मग किंचित मागे वाजवून ध्वनिमुद्रित करावी, आणि संगणकाच्या पडद्यावर ध्वनिलहरीचा आरंभ ठोक्याच्या रेषेशी ताडून पाहावा. कान आणि डोळा यांची साक्ष जुळू लागेपर्यंत हा सराव सोडू नये.

स्वर सुरू करण्याकडे बहुतेकांचे लक्ष असते, पण तो संपवण्याकडे फारच थोड्यांचे. वास्तविक बासचा स्वर जेथे थांबतो तेथे जी शांतता निर्माण होते, तिच्यातच स्नेअर ड्रमचा आघात मोकळेपणाने ऐकू येतो. एकच स्वर चार मात्रांत चार वेळा वाजवावा. आधी प्रत्येक स्वर पुढच्याला भिडेपर्यंत धरावा, मग अर्ध्यावर तोडावा, आणि मग पहिल्या मात्रेचा स्वर नेमका दुसऱ्या मात्रेच्या स्नेअरवर थांबवावा. या तिन्ही प्रकारांत स्वर तोच, लयही तीच, तरी गाणे तीन वेगळ्या वळणांचे होते. स्वर थांबवण्यासाठी डाव्या हाताचे बोट तारेवरून न उचलता केवळ दाब सैल करावा, आणि उजव्या हाताचा अंगठा व मोकळी बोटे न वाजणाऱ्या तारांवर टेकवून ठेवावीत, नाही तर त्या तारा सहकंपनाने गुणगुणत राहतात आणि ध्वनिमुद्रणात एक गढूळ थर साचतो. पाच तारांच्या बासवर ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट पोताची, आणि तो प्रामुख्याने हातातूनच येतो. नेकच्या (वाद्याच्या लांब मानेच्या) टोकाशी तार छेडली तर स्वर गोल आणि मऊ येतो. ब्रिजकडे (तारांच्या खालच्या टोकाच्या आधाराकडे) सरकत गेले तर तो कोरडा, घट्ट आणि नाकातला होतो. बोटाचा मांसल भाग, बोटाचे टोक, पिक, अंगठ्याने छेडताना तळहाताने दाबलेली तार, हे सर्व वेगवेगळे आवाज आहेत आणि त्यांपैकी कोणताही मधल्या विश्रांतीविना, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना, बदलता आला पाहिजे. लिलंड स्क्लार या ज्येष्ठ सेशन वादकाने आपल्या बासवर एक बटण बसवून घेतले आहे, ज्याला आत कोणतीही तार जोडलेली नाही. निर्मात्याने वेगळा आवाज मागितला की ते बटण खाली-वर करायचे आणि हात थोडा सरकवून वाजवायचे, ही त्यांची पद्धत त्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. आवाजातला फरक हाताच्या जागेने पडतो, हे यातून प्रत्येक शिकणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

शैलींचा अभ्यास कसा करावा

प्रत्येक शैलीचे मर्म एखाद्या ठरावीक नमुन्यात शोधण्यापेक्षा, त्या शैलीत बास कोणत्या जागा मोकळ्या सोडतो हे आधी पाहावे. कंट्री संगीतात मूळ स्वर आणि पंचम यांची पहिल्या व तिसऱ्या मात्रेवरील आलटापालट पुरेशी असते, आणि तेथे अधिक काही वाजवणे हे गायकाच्या शब्दांवर पाऊल ठेवणे ठरते. स्विंगच्या जॅझमध्ये चारही मात्रांवर चालणारी ओळ लागते, जिच्यात चौथ्या मात्रेचा स्वर पुढच्या कॉर्डच्या मूळ स्वराकडे अर्ध्या किंवा पूर्ण अंतराने नेऊन पोहोचवतो. रेगेमध्ये पहिली मात्रा पुष्कळदा रिकामी राहते आणि बास खोल, उच्च कंपनांची धार काढून टाकलेला असतो. क्यूबन संगीतातील तुंबाओमध्ये स्वर दुसऱ्या मात्रेच्या उत्तरार्धावर आणि चौथ्या मात्रेवर पडतात, आणि चौथ्या मात्रेवर पुढच्या बारची कॉर्ड आधीच घेतली जाते. ज्याला पहिल्या मात्रेवर उतरण्याची सवय जडलेली आहे त्याचा येथे तोल जातो, म्हणूनच हा ठेका हात बसेपर्यंत आधी टाळ्यांनी आणि तोंडाने म्हणावा.

सोल संगीताचा अभ्यास करायचा तर जेम्स जेमरसन यांच्यापाशी थांबल्यावाचून गत्यंतर नाही. १९३६ साली जन्मलेले आणि १९८३ साली निवर्तलेले जेमरसन डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत, प्रामुख्याने १९६०च्या दशकात, असंख्य गाण्यांत वाजवत असत. ते मूळचे उभ्या डबल बासचे वादक. बास गिटारवरही उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने छेडण्याची डबल बासची सवय त्यांनी कायम ठेवली, गुळगुळीत वेष्टनाच्या जुन्या तारा बदलण्याचे टाळले, आणि ब्रिजपाशी स्पंज ठेवून स्वर आखूड केले. त्यांच्या ओळी ऐकताना वरवर स्वर पुष्कळ वाटतात; मात्र स्वरलिपीत उतरवून पाहिले तर कळते की अर्ध्या मात्रांवरचे ते सर्व फिरणे गायकाच्या दोन ओळींमधल्या जागेत आणि कॉर्डच्या बदलाकडे नेण्यासाठी आहे. त्यांच्या उलट स्वभावाचे उदाहरण लॉस एंजेलिसच्या कॅरल के यांचे आहे. त्या मूळच्या जॅझ गिटारवादक. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला बासवादक न आल्याने त्यांनी बास हाती घेतला, पिकने आणि तारांवर नमदा ठेवून वाजवला, आणि त्या कोरड्या, टोकदार आवाजाला चित्रपट, दूरचित्रवाणी व पॉप संगीतात प्रचंड मागणी आली. दोघेही एकाच दशकात काम करत होते, दोघेही बहुधा एकाच जातीचे वाद्य वापरत होते, आणि तरी दोघांच्या ओळी कोणीही पहिल्या दोन बारांत वेगळ्या ओळखू शकतो.

अभ्यासाची पद्धत एकच सांगावीशी वाटते. एका शैलीतले एक गाणे निवडावे, त्याचा बास कानाने ऐकून कागदावर उतरवावा, मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर तो असा वाजवावा की आपला बास वेगळा ऐकू येणार नाही, आणि मग त्याच कॉर्डवर त्याच भाषेत स्वतःची नवी ओळ रचावी. तयार लिपी विकत किंवा फुकट मिळते, पण ती वापरल्याने कानाची तयारी होत नाही, आणि सेशनमध्ये कानाला पर्याय नसतो.

१९८०च्या दशकात सिंथेसायझरवरील बासने अनेक बासवादकांची कामे ओढून घेतली; १९८३ साली आलेल्या यामाहा डीएक्स७ चा बास त्या काळच्या गाण्यांत जागोजागी ऐकू येतो. ज्यांनी कीबोर्डवर डाव्या हाताने बास वाजवायला शिकून घेतले, त्यांना दोन्ही प्रकारची कामे मिळत राहिली. आजही बहुतेक पॉप गाण्यांत सिंथ बास आणि बास गिटार एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून कीबोर्डवर साध्या ओळी वाजवता येणे आणि सिंथची ओळ बास गिटारवर तंतोतंत त्याच लांबीच्या स्वरांनी उचलता येणे, ही दोन्ही कौशल्ये कमवावीत.

कोणती वाद्ये जवळ असावीत

सुरुवातीला दोन वाद्ये पुरतात, आणि ती उत्तम अवस्थेत असणे त्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे आहे. पहिले, १९५१ साली लिओ फेंडर यांनी बाजारात आणलेल्या प्रिसिजन बासच्या घडणीचे चार तारांचे वाद्य, शक्यतो गुळगुळीत तारांसह, कारण ध्वनिमुद्रकाला या आवाजाची सवय असते आणि तो गाण्यात फारशा कसरतीविना बसतो. दुसरे, पाच तारांचे, १९६०च्या जॅझ बासप्रमाणे दोन पिकअपचे, खरखरीत वेष्टनाच्या तारांचे, ज्यातून स्लॅपपासून (अंगठ्याने तार आपटून वाजवण्यापासून) आधुनिक पॉपपर्यंतचे काम होते. चार तारांच्या बासची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झची, तर पाचवी तार सुमारे ३१ हर्ट्झची असते. फोनच्या लहानशा स्पीकरमधून ही मूळ कंपने बाहेर पडतच नाहीत; ऐकणाऱ्याला तो स्वर त्याच्या वरच्या अंशस्वरांवरून कळतो. म्हणून केवळ खोलवर गुरगुरणारा आवाज आवडतो या कारणाने मधली कंपने कापू नयेत. फ्रेटलेस बास नंतर घ्यावा, आणि सुरेलपणाची पूर्ण खात्री झाल्याशिवाय कामावर नेऊ नये.

बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि त्याच जागेचा हार्मोनिक (तारेला हलका स्पर्श करून निघणारा स्वर) यांचा सूर जुळतो की नाही, हे कामाच्या आधी दर वेळी तपासावे. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिजवरचे सॅडल मागे सरकवून तारेची लांबी वाढवावी. पिशवीत ट्यूनर, दोन चांगल्या केबल, तारांचा राखीव संच, स्पंजचा तुकडा, पिक, डीआय बॉक्स (बास थेट ध्वनिमुद्रण यंत्रणेला जोडणारी पेटी), पेन्सिल, खोडरबर आणि अॅक्टिव्ह बाससाठी नऊ व्होल्टची नवी बॅटरी ठेवावी. अशा बासमधून काम संपताच केबल काढून ठेवावी, कारण ती खोचलेली राहिली तर आतील सर्किट चालू राहते आणि बॅटरी उतरते.

वाचन आणि स्वतःचा चार्ट

स्वरलिपी वाचता येत नसतानाही काही थोर वादक घडले आहेत, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून वाचन टाळणारे पुष्कळ भेटतात. माझा आग्रह असा की हा मार्ग स्वीकारू नये. नाट्यगृहातील वाद्यवृंद आणि चित्रपटाचे पार्श्वसंगीत ही कामे वाचनाविना मिळत नाहीत. बासची लिपी बास क्लेफमध्ये, प्रत्यक्ष स्वरापेक्षा एक सप्तक वर लिहिली जाते. वाचनाचा सराव रोज थोडा पण नवीन साहित्यावर करावा, कारण तेच पान पुन्हा वाचले की डोळ्यांऐवजी स्मरणशक्ती काम करू लागते. समोर नवा कागद आला की पहिला स्वर शोधण्याआधी पट्टी, मात्रांची संख्या, वेग, पुनरावृत्तीच्या खुणा, कोडा (समारोपाचा तुकडा) कोठे आहे आणि सर्वांत दाट बार कोणता, हे नजरेखालून घालावे. वाजवताना एखादा स्वर हुकला तर तो जाऊ द्यावा आणि पुढच्या बारची पहिली मात्रा पकडावी. जागा हरवणे हे चुकीच्या स्वरापेक्षा कितीतरी महाग पडते.

पॉप आणि कंट्रीच्या कामांत मात्र पूर्ण स्वरलिपीपेक्षा कॉर्डचा तक्ता किंवा आकड्यांची पद्धत अधिक चालते. नॅशव्हिलमध्ये १९५०च्या दशकाच्या अखेरीस नील मॅथ्यूज या गायकाने आपल्या गायनचमूसाठी आकडे वापरायला सुरुवात केली, आणि चार्ली मॅकॉय व इतर वादकांनी ती पद्धत वाद्यांसाठी विकसित केली. पट्टीच्या पहिल्या स्वरावरील कॉर्डला १, चौथ्यावरीलला ४, पाचव्यावरीलला ५ असे लिहिले की गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही. ज्यांनी सा-रे-ग-म मध्ये विचार करायची सवय लावून घेतली आहे, त्यांना ही पद्धत फार लवकर हाती लागते, कारण दोन्हींमध्ये षड्ज हलता असतो आणि नाती कायम असतात.

अनेकदा तर कोणताच कागद मिळत नाही आणि गाण्याचा डेमो ऐकवला जातो. अशा वेळी पहिल्या ऐकण्यात केवळ रचना लिहावी, म्हणजे कडवे किती बारांचे, ध्रुवपद कोठे, मधला तुकडा आहे का. दुसऱ्या ऐकण्यात कॉर्ड आणि त्यांचे सर्वांत खालचे स्वर भरावेत. तिसऱ्यात सर्वांनी एकत्र घ्यायचे आघात आणि थांबे टिपावेत. कॉर्डचे नाव आणि बासचा स्वर नेहमी एकच नसतात, आणि जेथे कॉर्डच्या तिसऱ्या किंवा पाचव्या स्वरावर बास ठेवलेला असतो तेथे तो संगीतकाराने हेतुपुरस्सर ठेवलेला असतो, असे धरून चालावे. तीन वेळा ऐकून गाणे कागदावर येईल इतका वेग घरच्या सरावाने कमवता येतो.

स्टुडिओतील वर्तन

ठरलेल्या वेळी वाद्य जोडून, सुरात लावून, वाजवण्यास तयार असणे म्हणजे वेळेवर येणे. त्यासाठी अर्धा तास आधी पोहोचावे. ध्वनिमुद्रक पातळी जुळवत असेल तेव्हा गाण्यात जितक्या जोराने वाजवणार आहोत तितक्याच जोराने वाजवावे. हेडफोनमध्ये किक, स्नेअर आणि मुख्य गायन स्पष्ट मागून घ्यावे, आणि स्वतःचा बास फार मोठा ठेवू नये, कारण आपलाच आवाज मोठा असला की बोटे नकळत हळू पडतात. आवाज थेट डीआयमधून आणि शक्य असल्यास अॅम्प्लिफायरसमोरच्या मायक्रोफोनमधूनही घेतला जातो. त्याविषयी ध्वनिमुद्रकाचा शब्द अंतिम मानावा.

पहिल्या टेकमध्ये (ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या फेरीत) साधे वाजवावे. मूळ स्वर, किकशी जुळणारा ठेका आणि स्वच्छ शेवट एवढे दिले की निर्माता आणि संगीत संयोजक यांना गाण्याचा सांगाडा ऐकू येतो, आणि कोठे भर हवी हे तेच सांगतात. नंतरच्या टेकमध्ये, विचारून, एखादा भरणा (मोकळी जागा भरणारा छोटा तुकडा) किंवा वेगळ्या सप्तकातली ओळ सुचवावी. सुचवलेले नाकारले गेले तर त्याचे समर्थन करत बसू नये. आणि स्वीकारले गेले तर ते पुढच्या टेकमध्ये हुबेहूब पुन्हा वाजवता आले पाहिजे, म्हणून सुचवण्याआधी ते कागदाच्या कडेला टिपून ठेवावे. शेवटचा स्वर पूर्ण विरेपर्यंत हालचाल करू नये, हेडफोन काढू नयेत, आणि टेकबद्दल काही बोलू नये, कारण ती शेपूटही गाण्याचाच भाग असते.

निर्माते तांत्रिक भाषेत बोलतीलच असे नाही. ‘ऊबदार हवे’, ‘जरा चावरे हवे’, ‘गाणे जड वाटते’, ‘हलत नाही’ अशा शब्दांतून त्यांची गरज व्यक्त होते, आणि तिचा हाताच्या भाषेत अर्थ लावणे हे आपले काम आहे. ऊब मागितली तर हात नेककडे न्यावा आणि टोन थोडा बंद करावा. चावरेपणा मागितला तर ब्रिजकडे जावे किंवा पिक घ्यावा. गाणे जड वाटते म्हटल्यावर अनेक जण आवाज बदलतात, पण पुष्कळदा तेथे स्वर आखूड करणे किंवा एखादा स्वर गाळणे हेच उत्तर असते. हलत नाही म्हणतात तेव्हा ड्रमवादकाकडे पाहावे आणि त्याच्या हाय-हॅटशी (झांजांच्या जोडीशी) आपल्या अर्ध्या मात्रा जुळतात का ते ऐकावे.

कामाच्या ठिकाणी दुसऱ्या कामांच्या, दुसऱ्या गायकांच्या किंवा न प्रकाशित झालेल्या गाण्यांच्या गोष्टी करू नयेत.

घरून ध्वनिमुद्रण

आता बरेचसे काम फाइलच्या रूपाने येते आणि जाते. त्यासाठी गिटारची केबल थेट जोडता येईल असा चांगला ऑडिओ इंटरफेस आणि शांत खोली एवढे पुरते. २४ बिटवर, संगीतासाठी मागितल्याप्रमाणे ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर, आणि चित्रपट किंवा व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झवर मुद्रण करावे. पातळीची शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवावीत. २४ बिटमध्ये त्याहून मोठे मुद्रण करण्याची गरज नसते आणि कापला गेलेला आवाज परत मिळत नाही. बफर (संगणक आवाज क्षणभर साठवून पुढे पाठवतो तो साठा) १२८ नमुन्यांचा ठेवला तर ४८ किलोहर्ट्झवर त्याचा विलंब एका दिशेने सुमारे २.७ मिलिसेकंद होतो, जो वाजवताना चालतो; बफर मोठा असेल तर आपला स्वर उशिरा ऐकू येतो आणि वादक नकळत ठोक्याच्या पुढे पळू लागतो. काम पाठवताना कॉम्प्रेशन न केलेली स्वच्छ डीआयची मोनो वेव्ह फाइल नेहमी द्यावी, हवी असल्यास अॅम्पच्या रंगाची दुसरी सोबत द्यावी. दोन्ही फाइल गाण्याच्या अगदी शून्य क्षणापासून सुरू झालेल्या असाव्यात आणि त्यांच्या नावात गाणे, वेग आणि पट्टी असावी. गाणे प्रकाशित होईपर्यंत सर्व टेक दोन ठिकाणी जपून ठेवावेत.

काम कसे मिळते आणि टिकते

बासवादकाला बहुतांशी ड्रमवादक, संगीत संयोजक आणि ध्वनिमुद्रक यांच्या शिफारशीवरून बोलावले जाते. म्हणून ओळख वाढवायची तर या तिघांबरोबर वाजवण्याच्या, सरावाच्या आणि छोट्या कामांच्या संधी शोधाव्यात. सर्वांत खात्रीची वाट बदली वादकाची आहे: नाट्यगृहातील किंवा दौऱ्यावरील नेहमीचा वादक जेव्हा सुटी घेतो तेव्हा त्याच्या जागी बसून, त्याचेच वाजवणे, त्याच्याच खुणांसह, कोणाला फरक न जाणवता पार पाडणे. या कामात स्वतःची शैली दाखवण्याचा मोह पूर्ण आवरावा लागतो, आणि तो ज्याला आवरतो त्याचे नाव संयोजकांच्या यादीत राहते. निरोपाला त्याच दिवशी उत्तर द्यावे, तारीख एकदा दिली की मोठ्या मानधनासाठी ती मोडू नये, आणि जे काम आपल्याला येत नाही ते स्पष्ट सांगून त्यासाठी योग्य वादकाचे नाव सुचवावे.

कानांची काळजी या व्यवसायाचे भांडवल जपण्यासारखी आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास राहणे ही मर्यादा आहे, आणि प्रत्येक तीन डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलवर केवळ पंधरा मिनिटे. रंगमंचावर ड्रमच्या शेजारी उभे राहणाऱ्याने कानात संगीतासाठीचे समतोल प्लग घालावेत आणि त्यांच्यासह सराव करावा. जड बास तासनतास खांद्यावर असतो, तेव्हा पट्टा रुंद घ्यावा, आणि मनगट फार वाकणार नाही अशा उंचीवर वाद्य लावावे.

मानधन आणि हक्क

१९७१ साली मार्विन गे यांच्या एका अल्बमवर मोटाउनच्या वादकांची नावे छापली गेली, तोवर त्या कंपनीच्या तबकड्यांवर जेमरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा उल्लेख होत नसे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीच्या वादकांसाठी विभाग सुरू केला तो २००० साली, आणि त्यात पहिल्याच वर्षी जेमरसन यांचा समावेश झाला, तेव्हा त्यांना जाऊन सुमारे सतरा वर्षे झाली होती. श्रेय मागणे हा उद्धटपणा वाटू नये, यासाठी हा इतिहास प्रत्येक सेशन वादकाला माहीत असावा.

काम सुरू होण्याआधी चार ओळींचा का होईना, लेखी करार असावा. मानधन ताशी आहे, गाण्यामागे आहे की सत्रामागे. किती फेरबदल त्यात धरलेले आहेत. पैसे किती दिवसांत मिळतील. नाव कोठे आणि कसे छापले जाईल. आणि ध्वनिमुद्रण जाहिरातीसारख्या दुसऱ्या कारणासाठी वापरले गेले तर वेगळे मानधन मिळेल की नाही, हे त्यात स्पष्ट असावे. सर्व हक्क एकरकमी सोडून देणारे कलम पुष्कळ करारांत असते. ते मान्य करायचे असेल तर मानधन त्या हिशेबाने ठरवावे. बासची ओळ हीच गाण्याची ओळख ठरणार असेल आणि ती आपण रचली असेल, तर रचनेतील वाट्याचा विषय गाणे प्रकाशित होण्याआधी काढावा, कारण त्यानंतर तो फक्त वादाचा विषय उरतो.

रचनेच्या स्वामित्वहक्काहून वेगळा असा वादकांचा स्वतःचा हक्क असतो. १९६१ च्या रोम करारात आणि १९९६ च्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या करारात कलावंतांना त्यांच्या सादरीकरणावरील हक्क मान्य झाले, आणि अनेक देशांत ध्वनिमुद्रण प्रसारित झाले की साथीच्या वादकांनाही त्याचा वाटा मिळतो. अमेरिकेत इंटरनेट व उपग्रह रेडिओच्या वैधानिक परवान्यातून जमणाऱ्या रकमेतील पाच टक्के मुख्य कलाकाराव्यतिरिक्तच्या वादक-गायकांसाठी राखलेले असतात. युरोपीय संघाने २०११ साली ध्वनिमुद्रणातील हक्कांची मुदत ५० वरून ७० वर्षांवर नेली, तेव्हा एकरकमी मोबदला घेतलेल्या सेशन वादकांसाठी, वाढीव वर्षांत निर्मात्याला ध्वनिमुद्रणाच्या विक्रीतून मिळणाऱ्या महसुलाच्या २० टक्क्यांचा निधी ठेवणे निर्मात्यांना बंधनकारक केले. हे पैसे वादकाला शोधत येत नाहीत. आपल्या देशातील संबंधित संस्थेत नाव नोंदवावे लागते आणि आपण कोणत्या ध्वनिमुद्रणावर वाजवले आहे ते सिद्ध करावे लागते. त्यासाठी एक वही किंवा संगणकावरचा तक्ता पहिल्या कामापासूनच ठेवावा: तारीख, स्टुडिओ, गाण्याचे नाव, मुख्य कलाकार, निर्माता, आपण वाजवलेले वाद्य, मिळालेले मानधन, आणि गाणे प्रकाशित झाल्यावर त्याचा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक. गाण्याचे नाव मुद्रणाच्या आणि प्रकाशनाच्या दरम्यान पुष्कळदा बदलते, म्हणून कामाच्या दिवशीचे नाव आणि अंतिम नाव ही दोन्ही शेजारी शेजारी लिहावीत.